बाळाची मिटलेली मूठ

व्यापारी घरात रोजमेळ त्याच संध्याकाळी जुळवला जातो. दोन पैशांची तफावत निघाली, तरी ती उद्यावर टाकली जात नाही. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याच घरातून ‘थोडे थांबून पाहू’ असा सल्ला सहज दिला जातो.

चार महिने उलटूनही बाळ मान धरत नाही. मुठी सदैव मिटलेल्या असतात. लंगोट बदलताना पाय ताठरतात आणि कात्रीसारखे एकमेकांवर येतात. नऊ महिन्यांचे झाले तरी ते आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आतच ते एकाच हाताने खेळणे उचलू लागले, की आजी कौतुकाने म्हणते, “डावखुरा होणार!” वस्तुतः त्या वयात दोन्ही हात सारखेच चालावयास हवेत. एक हात मागे पडत असेल, तर ती सेरेब्रल पाल्सीची खूण असू शकते.

वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे हालचालींवरील ताबा बिघडतो. अपुऱ्या दिवसांचे, जन्मतः न रडलेले किंवा तीव्र कावीळ झालेले मूल अधिक जोखमीचे. तथापि पूर्ण दिवसांच्या बाळालाही हा विकार होतो. मूळ इजा वाढत नाही. पण उपचारांविना स्नायू आखडत जातात. पूर्वी निदानाला एक-दोन वर्षे लागत. काळजीपूर्वक तपासणी केल्यास पाच महिन्यांच्या आतही धोका ओळखता येतो, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१७ मध्ये मांडले.

रत्नागिरीसारख्या डोंगर-खाड्यांच्या जिल्ह्यात मेंदुविकारतज्ज्ञ दूर असतो. आशाताई मात्र वाडीपर्यंत येते. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केलेल्या नवजात शिशुसेवेच्या धर्तीवर ती पहिल्या ४२ दिवसांत अनेकदा घरी येऊन बाळाला पाहते. चौदाव्या आठवड्याची लस तर नेमकी मान सावरण्याच्या वयातच येते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि शंका आल्यास पुढील उपचारांसाठी पाठवले जाते.

पेठेतील सधन घरे मात्र ‘आमचे खासगी डॉक्टर आहेत’ म्हणून आशाताईला दारातूनच परत पाठवतात. पुढे थोरल्या मुलीच्या सोयरिकीत अडचण नको, म्हणून बाळाचे दुखणे झाकले जाते. कोणी ‘पूर्वकर्म’ म्हणून हात जोडतो, तर कोणी सुनेला बोल लावतो. जिनधर्माचा कर्मसिद्धान्त पुरुषार्थ नाकारत नाही. चतुर्विध दानांत औषधदानाला स्थान आहे, ते यासाठीच.

लसीच्या दिवशी मातेने स्वतःहून विचारावे : मान धरते का? मुठी उघडतात का? दोन्ही हात सारखे चालतात का? शंका उरली, तर तपासणीचा आग्रह धरावा. आठवड्यामागून आठवडे व्यायामोपचारांसाठी प्रवास करणाऱ्या गरीब मातेचे भाडे एखाद्या संघाने उचलले, तर तेही औषधदानच होय.