एका अक्षराची दुरुस्ती

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक तरुण आला. त्याला आपल्या पणजीच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी होती. वारसाच्या कागदपत्रांसाठी तिची निकड होती व मुदत संपत आली होती. पणजीचे नाव ॲग्नेस. त्याआधी वर्षभर खपून आम्ही पाच जणांनी जुन्या नोंदवह्यांची मराठी सूची संगणकावर उतरवली होती. आता जीर्ण पाने कोणाला उलटावी लागणार नाहीत, ह्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. आम्ही नाव टंकित केले. संगणकाने काही ॲग्नेस दाखवल्या. हवी ती त्यांत नव्हती. 'नोंद नाही' असे आम्ही त्या मुलाला सांगितले. तो काही न बोलता निघून गेला.

कार्यालयातील वयोवृद्ध कारकुनांचा आमच्या यंत्रावर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता. आठवड्याने त्यांनी मूळ वही काढली आणि निरोप पाठवला, "अहो, बाई वहीत आहे." आम्ही धावत गेलो. बाई वहीत होतीच. पण अधिक लाजेची गोष्ट ही की, ती आमच्या सूचीतही होती. डोळ्यांनी एकेक ओळ वाचत गेलो तेव्हा ती सापडली. नाव तेच, अक्षरे तीच. मग संगणकाने तिला ओळख का दिली नाही?

त्याचे कारण आमच्यापैकी एकाच्या पुतण्याने सांगितले. तो संगणक अभियंता आहे. ॲ हे अक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिले जाते. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तीत ॲ ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्यापूर्वी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत, आणि जुनी सवय असलेले आजही तसेच लिहितात. कागदावर दोन्हींत काही फरक दिसत नाही. संगणकाच्या लेखी मात्र पहिले एक अक्षर आहे व दुसरे दोन खुणांची जोडी. आमच्यापैकी तिघे एका पद्धतीने लिहीत होते, दोघे दुसऱ्या. परिणामी आमच्या सूचीतील ॲग्नेस, ॲलेक्स आणि ॲल्बर्ट ह्यांची दोन घरे झाली होती, आणि एका घराला हाक मारली की दुसरे ओ देत नव्हते.

सूचीसाठी आम्ही जी आज्ञावली वापरली होती ती मुक्तस्रोत होती. म्हणजे ती फुकट मिळतेच. शिवाय ती ज्या मूळ ओळींनी बनलेली आहे त्या ओळी कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि बदललेली प्रत इतरांना देता येते. ह्या विचाराचा पाया अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली घातला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉर्वल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला, आणि आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्याशी तेच लिनक्स आहे. ह्या साऱ्या व्यवहाराचे वचन एकच : दोष ज्याला दिसला त्याने तो दूर करावा, म्हणजे तो सर्वांसाठी दूर होईल.

पुतण्याने ते वचन खरे मानले. एका संध्याकाळी त्याने ती मूळ ओळ शोधून काढली. "काका, चार ओळींचं काम आहे. शोधण्याआधी दोन्ही ॲ एकसारखे करून घ्यायचे, बस्स." आमच्या संगणकावर त्याने ते करूनही दाखवले. आम्ही नाव टंकित केले आणि हरवलेल्या ॲग्नेसबाई बाकीच्यांच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. आम्ही म्हणालो, "मग पाठव की त्यांना. सगळ्यांचंच भलं होईल." तो हसला आणि म्हणाला, "काका, पाठवणं हेच मोठं काम आहे."

त्याचे म्हणणे आम्हांला पुढील दोन महिन्यांत उमगले. आधी एका ठिकाणी खाते उघडायचे. मग इंग्रजी कायद्याच्या भाषेतील करारपत्र वाचून मान्य करायचे. मग संपूर्ण आज्ञावली उतरवून घ्यायची व तिची स्वतःच्या संगणकावर बांधणी करायची. त्याच्या घरच्या यंत्राला त्यासाठी अख्खी रात्र लागली आणि पहाटे ती बांधणी फसली. कोणते साहाय्यक भाग हवेत ह्याची माहिती ज्या पानावर होती, ते पान कित्येक वर्षांत कोणी सुधारलेले नव्हते. सारे जमवून त्याने चार ओळी पाठवल्या. तीन आठवड्यांनी उत्तर आले : ओळींपुढील मोकळी जागा नियमाप्रमाणे नाही, आणि दुरुस्ती बरोबर असल्याची चाचणीही लिहून जोडावी. मोकळी जागा त्याने सुधारली. चाचणी कशी लिहावी हे विचारले, त्यावर उत्तर आले नाही. मध्यंतरी त्याची नोकरी बदलली, घरी बाळ आले. काही महिन्यांनी एका स्वयंचलित यंत्रणेने कळवले की, हालचाल नसल्यामुळे हा प्रस्ताव बंद करण्यात येत आहे. कोणी माणसाने नकार दिला असता तर एवढे वाईट वाटले नसते.

आपल्या भागात खाजणाच्या बांधाला खांड पडलेली दिसली, तर वाटेने जाणारा माणूसही चार ढेकळे टाकून पुढे जातो. त्यासाठी त्याला सोसायटीचा सभासद व्हावे लागत नाही, की बांध कसा घालावा ह्याचे शिक्षण घ्यावे लागत नाही. मुक्तस्रोताच्या बांधावर असे वाटसरू पुष्कळ असतात. त्यांना जन्मभर तिथे राबायचे नसते. त्यांना एक दोष दिसलेला असतो, एक संध्याकाळ मोकळी असते आणि एकदाच हात लावायचा असतो. दुरुस्ती चार ओळींची आणि वाट दोन महिन्यांची, हे प्रमाण त्यांना परवडत नाही. ते मुकाट्याने परत जातात आणि त्यांची मोजदादही होत नाही.

ही वाट सोपी करता येते, ह्याचे एक चांगले उदाहरण लिब्रेऑफिसचे आहे. पत्रे, लेख, हिशेब ह्यांसाठी वापरले जाणारे हे सॉफ्टवेअर मराठीतही उपलब्ध आहे. त्याचे मूळ जर्मनीत १९८५ साली स्थापन झालेल्या एका कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये. पुढे ते सन ह्या अमेरिकी कंपनीने घेतले व २००० साली ओपनऑफिस ह्या नावाने खुले केले. खुले झाले खरे, पण हातभार लावणाऱ्याला आधी कंपनीशी हक्कांचे करारपत्र करावे लागे. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बरेच कार्यकर्ते वेगळे होऊन त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केले. त्यांनी हक्कांचे करारपत्र काढून टाकले. आपले काम कोणत्या परवान्याखाली देत आहोत एवढे एकदा लिहून कळवले की पुरे. नवख्याला झेपतील अशा लहान कामांची 'ईझी हॅक्स' नावाची यादी त्यांनी केली. कोणते काम कितपत अवघड व त्यासाठी काय यावे लागते, हे तीत लिहिलेले असे.

त्या यादीतील एक काम आम्हांला फार आवडले. मूळ कारागीर जर्मन असल्यामुळे आज्ञावलीच्या ओळींच्या मधूनमधून लिहिलेली स्पष्टीकरणे जर्मन भाषेत होती. इतर देशांतील लोकांना ती कळत नसत. त्यांचे इंग्रजी भाषांतर करण्याचे काम यादीत घातले गेले. त्याला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नव्हती. जर्मन येत असली की झाले. कित्येकांनी थोडेथोडे करत तो डोंगर उपसला. दार ठेंगणे केले की कोणकोण आत येऊ शकते, ते ह्यावरून दिसते. पहिल्या काही वर्षांतच ह्या सॉफ्टवेअरला शेकडो नवे हात लागले.

लिनक्सनेही २००४ पासून लांबलचक करारपत्राऐवजी एका ओळीची सही स्वीकारली आहे : हे काम देण्याचा मला हक्क आहे, असे त्या सहीने पाठवणारा जाहीर करतो. अनेक ठिकाणी आता शब्दांची चूक सुधारायची असेल तर पानावरच पेन्सिलीची खूण असते. ती दाबावी, चूक सुधारावी आणि पाठवून द्यावी. बांधणी करून पाहण्याचे काम तिकडची यंत्रेच करतात.

इथवर आमचा सारा राग सांभाळणाऱ्यांवर होता. पण पुतण्यानेच आम्हांला त्यांची बाजू दाखवली. अशा आज्ञावल्या सांभाळणारे बरेच जण आपली नोकरी करून रात्री हे काम करतात. २०१४ साली ओपनएसएसएल ह्या, निम्म्या जगाचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या आज्ञावलीत 'हार्टब्लीड' हा भयंकर दोष उघड झाला. तो दोन वर्षे तिथे पडून होता, आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्याकडे पूर्णवेळ पाहणारा माणूस जेमतेम एक होता. अशा माणसांच्या दारात रोज नवे प्रस्ताव येऊन पडतात. २०२० च्या ऑक्टोबरात एका अमेरिकी कंपनीच्या 'हॅक्टोबरफेस्ट' ह्या उपक्रमात चार दुरुस्त्या पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. त्या लोभाने लोकांनी शीर्षकाला एखादे विशेषण जोडावे, कुठे एखादा शब्द बदलावा, असले निरर्थक प्रस्ताव ढिगाने पाठवले. आपल्या देशातील विद्यार्थीही त्यांत होते. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावे लागले. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेले, दिसायला विद्वान पण आतून पोकळ अहवाल येऊ लागले आहेत. कर्ल ही आज्ञावली सांभाळणारे स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग ह्यांनी २०२५ मध्ये त्याविषयी जाहीर तक्रार केली. अहवाल लिहायला क्षण लागतो आणि तो खोटा ठरवायला एका माणसाची दुपार जाते.

मग दारे बंदच ठेवावीत काय? ह्याचे उत्तर २०२४ सालच्या एका घटनेने दिले. एक्सझेड ह्या लहानशा आज्ञावलीचा उपयोग लिनक्सवर जवळजवळ सर्वत्र होतो. तिला दोन वर्षांहून अधिक काळ नेमाने मदत करत एका अज्ञात व्यक्तीने थकलेल्या राखणदाराचा विश्वास संपादन केला, स्वतः सहराखणदार झाली आणि शेवटी आत एक चोरदार बसवले. ते पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने. तो एक्सझेडचा कोणी नव्हता. त्याचे काम दुसऱ्याच एका मुक्तस्रोत आज्ञावलीवर चालू होते. दूरच्या संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद उशीर होतो आहे, एवढेच त्याच्या लक्षात आले. मूळ खुले होते म्हणून तो खोलात गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केले. घात केला तो वर्षानुवर्षे घरात वावरलेल्याने. वाचवले ते वाटसरूने.

ह्यावरून आमच्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली. उंबरठा आणि चाळणी ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. आलेली प्रत्येक ओळ, ती नवख्याची असो वा जुन्या जाणत्याची, डोळ्यांत तेल घालून तपासली पाहिजे. ती चाळणी बारीकच हवी. पण करारपत्रे, फसणारी बांधणी, जुनी झालेली माहितीपाने आणि उत्तराविना जाणारे महिने ह्यांनी काहीही चाळले जात नाही. टी-शर्टच्या लोभाने आलेला कसाही आत शिरतो, घात करायला आलेला दोन वर्षे थांबतो. परत फिरतो तो फक्त एक संध्याकाळ असलेला प्रामाणिक माणूस. नवख्याने चार ओळी बरोबर आणल्या असतील तर मोकळी जागा यंत्राने सुधारावी, चाचणी जाणत्याने लिहावी, आणि काम अर्धवट राहिले तर दुसऱ्या कोणी ते पुढे न्यावे. राखणदाराचा त्यातही वेळ जाईल हे खरे. म्हणूनच ज्या संस्था व कंपन्या ह्या आज्ञावल्यांवर उभ्या आहेत, त्यांनी त्याला त्याच्या वेळेचे मोल दिले पाहिजे.

वाटसरूचेही काही कर्तव्य आहे. आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ह्या तीन गोष्टी त्याने नेमक्या लिहाव्यात. आमच्या पहिल्या पत्रात आम्ही फक्त 'शोध नीट चालत नाही' एवढेच लिहिले होते. दोन प्रकारच्या ॲ ची गोष्ट त्यात नव्हती. मराठी न वाचणाऱ्या माणसाला ती कळावी कशी?

त्या तरुणाला आम्ही शोधून काढले आणि दाखल्यासाठी कार्यालयात बोलावून घेतले. मुदत तोवर टळून गेली होती. त्याला मुदतवाढीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. त्याने आम्हांला दोष दिला नाही, म्हणून आम्ही तो स्वतःकडे घेतला.

आमच्या कार्यालयातील एका संगणकावर आता ॲग्नेस पहिल्या हाकेला ओ देते. पण तीच आज्ञावली वापरणारी इतर धर्मग्रामे, शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या ह्यांच्या याद्यांत किती ॲग्नेस आणि किती ॲल्बर्ट हरवलेले असतील, आणि किती जणांना 'नोंद नाही' असे सांगून परत पाठवले जात असेल, कोण जाणे. परवा पुतण्या बाळाला घेऊन आला होता. आम्ही विषय काढताच म्हणाला, "काका, चाचणी कशी लिहायची ते आता मला कळलंय. तेवढं पत्र मात्र तुम्ही नीट लिहून द्या." ते पत्र आम्ही लिहावयास घेतले आहे. त्यात दोन्ही ॲ शेजारी शेजारी लिहिले आहेत, आणि खाली लिहिले आहे की, हे एकाच बाईचे नाव आहे.