दिवस भरल्यावर

माढ्याच्या जुन्या घरांत बाळंतपणाचे दिवस मोजायचं काम कॅलेंडरकडे फार उशिरा आलं. त्याआधी ते सणावारांकडे होतं. आषाढीच्या दिंड्या पंढरपूरकडे निघालेल्या असताना सुनेची पाळी येऊन गेली आणि पुढची आलीच नाही, तर सासू मनाशी धरून चालायची की चैत्री पौर्णिमेच्या आठ दिवस मागंपुढं पाळणा हलणार. मध्येच अधिक महिना आला की बोटांची पेरं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. नऊ महिने नऊ दिवस हा हिशोब लहान पोरांनाही ठाऊक असे. महिना तीस दिवसांचा धरला तर तो होतो 279 दिवसांचा. हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने जगभरचे डॉक्टर जो नियम वापरतात, तो शेवटच्या पाळीपासून 280 दिवस सांगतो. माजघरातला हिशोब आणि विद्यापीठातला हिशोब एका दिवसाच्या अंतरावर येऊन थांबतात.

पण बाळाला दोन्ही हिशोब माहीत नसतात. गरोदरपणाच्या कार्डावर नर्सबाईने लिहिलेल्या तारखेला बरोबर जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. सदतीस आठवड्यांपासून बेचाळीस आठवड्यांपर्यंत केव्हाही ती येतात आणि पहिलटकरणीची बहुधा थोडी उशिरानेच. दिवस भरतात, घर तयार असतं, आणि मग उरतं ते वाट बघणं. त्या दिवसांबद्दल फार कोणी लिहिलेलं नाही. डोहाळजेवणाची गाणी आहेत, बारशाचे पाळणे आहेत. मधल्या त्या आठ-पंधरा दिवसांच्या वाट्याला मात्र शेजारणीचा एकच प्रश्न येतो, ‘अजून न्हाई व्हय?’

घर तयार असतं म्हणजे काय, हे माढा, करमाळा, बार्शी भागातल्या कुठल्याही सत्तरीपुढच्या बाईला विचारावं. पहिल्या खेपेला लेक सातव्या महिन्यात माहेरी आलेली असायची. आतली, वारा न लागणारी खोली शेणाने सारवून घ्यायची. बाज कसून ताणायची. शेगडीसाठी चांगल्या वाळलेल्या गोवऱ्या वेगळ्या रचून ठेवायच्या. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी फाडून दुपटी करायची, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते. ओवा, बाळंतशोपा, डिंक, हळीव, खोबरं डब्यात भरून फळीवर. माढेश्वरीची ओटी भरायचं बोलून ठेवलेलं. आणि सुईणीला आधीच सांगून ठेवलेलं, की अमुक दिवसांनंतर परगावी जाऊ नको.

ही तयारी फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागायच्या आत सूतिकागार उभं करायला सांगितलं आहे. त्याचं दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावं, आत काय काय सामान असावं याची लांबलचक यादी आहे, आणि गर्भिणीजवळ बसणाऱ्या बायका कशा असाव्यात हेही आहे: अनेक बाळंतपणं झालेल्या, प्रेमळ, कामाला न थकणाऱ्या. शुभ दिवस पाहून गर्भिणीने त्या घरात जावं आणि तिथंच प्रसूतीची वाट पाहावी. सामानाच्या यादीइतकंच महत्त्व तिथं माणसांना दिलेलं आहे, ही बारीक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी.

मग एखाद्या संध्याकाळी पोट दगडासारखं कडक होतं. कळ येते, जाते, पुन्हा येते. घरात धावपळ सुरू होते. सुईण येते, पोटावर तळहात ठेवून बराच वेळ गप्प बसते आणि म्हणते, ‘न्हाई लेकी, खोट्या हायती. चार घास खा आन् नीज.’ जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने 1872 साली ज्या आकुंचनांचं वर्णन केलं आणि ज्यांना त्याचं नाव मिळालं, त्या ह्याच कळा. खऱ्या कळांची खूणगाठ सुईणीजवळ असे. त्या चालल्याने थांबत नाहीत, पाठीतून पुढे येतात, दोन कळांमधलं अंतर कमी कमी होत जातं. पोट खाली उतरलेलं असतं, अंगावरून लालसर चिकट जातं, कधी आधीच पाणमोट फुटते. आणि बहुतेकदा हे सगळं रात्री चालतं. पहाटेची बाळंतपणं फार, असं म्हाताऱ्या बायका सांगतात. इंग्लंडमधल्या पन्नास लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासून 2018 साली संशोधकांनी तेच दाखवलं: कळा आपोआप सुरू होऊन, कोणतीही ढवळाढवळ न होता झालेले जन्म सर्वांत जास्त पहाटे चारच्या सुमारास होतात.

कळा सुरू कोण करतं? न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांनी 1960च्या दशकात मेंढ्यांवर काम करून दाखवलं, की तिथं हुकूम गर्भातल्या कोकराकडून सुटतो. त्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पिकल्या की आईच्या शरीरात बदल सुरू होतात. माणसात ही साखळी इतकी सरळ नाही. गर्भाची फुप्फुसं, वार, आईचे संप्रेरक, गर्भाशयाच्या तोंडाचं मऊ होत जाणं, असं बरंच काही एकमेकांशी बोलत असतं. पण बाळाचाही त्या ठरवण्यात वाटा आहे, एवढं नक्की. ओसरीवर बसलेल्या आजीचं ‘त्याला यायचं तवा येईल’ हे म्हणणं म्हणजे निव्वळ समजूत घालणं नव्हे.

माढा तालुक्याला अशा वाट बघण्याची एक कथाच मिळाली आहे. कुर्डुवाडीजवळच्या लऊळ गावात संत कूर्मदासाचं देऊळ आहे. हातपाय नसलेला कूर्मदास पैठणहून पोटावर सरपटत पंढरीला निघाला, लऊळपर्यंत आला आणि एकादशी उजाडायची वेळ झाली. पुढं जाणं त्याच्या देहाला शक्य नव्हतं. त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि तिथंच पडून राहिला. विठ्ठल स्वतः लऊळला आला, असं परंपरा सांगते. भीमेच्या काठची गावं जन्माची वाट बघताना ही कथा ऐकतच मोठी झाली. जे चालून जाऊ शकत नाही त्याच्याकडे दुसऱ्याने चालत यायचं असतं, हे या मातीला नवीन नाही. बाळंतिणीपर्यंत मात्र ते फार उशिरा पोचलं.

कारण त्या सारवलेल्या खोलीचं दुसरं रूप भयंकर होतं. बाई अडली की घरातल्या पेट्यांची कुलपं उघडायची, केसांच्या आणि कपड्यांच्या गाठी सोडायच्या, चक्रव्यूह काढलेल्या ताटातलं पाणी तिला पाजायचं. त्या पलीकडे हातात काही नव्हतं. वार अडकली, रक्त थांबेना, झटके आले, तर बैलगाडी जुंपेपर्यंत बाई संपायची. नाळ विळ्याने कापली जायची आणि आठवड्याभरात बाळ धनुर्वाताने आखडायचं. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या, आणि 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच. घरच्या बाळंतपणाच्या आठवणींत मऊ लुगडी आणि डिंकाचे लाडू जितके येतात तितकी ही मेलेली बाळं येत नाहीत. ती यायला हवीत.

नियोजनपूर्वक, हिशोबाने, धोका ओळखून घरी बाळंतपण कसं करता येतं, याचा खरा धडा माढ्याहून करमाळा ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या जामखेडने दिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं 1970 साली तिथं आलं. जन्मलेल्या हजार बाळांपैकी तेव्हा त्या भागात 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. आरोळ्यांनी सुरुवातीला शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. गावाने त्यांना आपलं मानलं नाही. मग गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांतल्या कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, विधवा, टाकलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत जाऊन शिकलेलं वापरायच्या.

त्या काय शिकल्या, ते सविस्तर सांगायला हवं. पोटावर हात ठेवून बाळ डोक्याकडून आहे की आडवं, हे बघायचं. पायांवर सूज, डोळ्यांत फिकेपणा, फार बुटकी बाई, आधीचं बाळंतपण अवघड गेलेली बाई, अशी प्रत्येक खूण महिने-महिने आधी हेरायची आणि तिला आधीच दवाखान्यात न्यायची. बाकीच्या बायकांपाशी कळा सुरू झाल्या की जाऊन बसायचं. हात साबणाने धुवायचे, नखं कापायची, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, नाळ बांधायचा दोरा उकळलेला, नाळेवर शेण-राख काही लावायचं नाही. एवढ्याशा गोष्टींनी धनुर्वात हटला. बालमृत्यू थोड्याच वर्षांत झपाट्याने खाली आले. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की मोठी इस्पितळं तशी आहेत, सुंदर पण हाताला न लागणारी. आपण बायका पणत्यांसारख्या, एकीने दुसरी लावत जाणाऱ्या. त्यांच्या गावातली गरोदर बाई शेवटचे दिवस भीत काढत नव्हती. वाट बघायला तिच्याबरोबर जाणती बाई होती, आणि अडलंच तर जायचं कुठं हे ठरलेलं होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हेच पुढे नेलं. 39 गावांत आरोग्यदूत घरोघरी नवजात बाळं तपासू लागले आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हा निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

त्यानंतर जन्माची जागाच बदलली. जननी सुरक्षा योजना 2005 साली सुरू झाली, आशाताई आली, 2014 पासून 108ची गाडी धावू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005-06 मध्ये महाराष्ट्रातली 64.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. 2019-21 मध्ये हे प्रमाण 94.7 टक्के झालं. माढ्यात, टेंभुर्णीत, मोडनिंबात आज कुणी ठरवून घरी बाळंत होत नाही, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडमध्ये 64 हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. सगळ्या धोका कमी असलेल्या होत्या, घरी प्रशिक्षित सुईण आणि हाकेवर रुग्णवाहिका होती. तरी घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात पंचेचाळीस जणींना दवाखान्यात हलवावं लागलं आणि त्यांच्या बाळांना धोकाही थोडा जास्त निघाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत तसा फरक आढळला नाही. जिथं गाडी वेळेवर येईलच असं नाही, तिथं हा हिशोब आणखी कडक लावायला हवा.

मात्र दवाखान्याने बाळंतपण घेतलं, वाट बघणं घरीच राहिलं. कळा धरल्याशिवाय भरती करून घेत नाहीत. त्यामुळे शेवटचे आठ-दहा दिवस अजूनही ओसरीवरच जातात. फळीवर आता फाइल असते, सोनोग्राफीचे कागद, पिशवीत बाळाची टोपी, मोबाइलमध्ये जीपवाल्याचा नंबर. सुईण उरलेली नाही. पोटावर हात ठेवून ‘खोट्या हायती’ म्हणणारं कुणी नसल्याने पोरगी दोनदा-तीनदा दवाखान्याच्या दारातून परत येते आणि दर वेळी अधिक घाबरते. पुढे खऱ्या कळा लागल्या की तिला आत नेतात आणि आई बाहेर बाकावर बसते. कळांच्या वेळी कुणी तरी सतत सोबत असलं तर कळांचा काळ कमी होतो आणि नैसर्गिक बाळंतपणाची शक्यता वाढते, हे 17 देशांतल्या 26 चाचण्यांतून दिसलेलं आहे. केंद्र सरकारच्या 2017 सालच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षात सोबतीण असावी, असं म्हटलेलं आहे. चरकाने सांगितलेल्या त्या प्रेमळ बाया दाराच्या आत घ्यायच्या आहेत, एवढंच.

आणि काही जणींना ओसरीही नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड, जामखेड, पाटोद्याकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या माढ्यात उतरतात. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे कारखान्यासारख्या मोठ्या कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत मोळ्या बांधायच्या. दिवस भरलेली बाई थंडीत पहाटे फडात जाते, कारण एक हात कमी झाला तर उचल फिटत नाही. कळा लागतात त्या फडात नाहीतर पाचटाच्या कोपीत. जवळ असते ती शेजारच्या कोपीतली बाई, हातात असेल ते पातं. तिचं कार्ड गावच्या आशाताईच्या वहीत राहतं आणि ती इथं शंभर-दीडशे किलोमीटरवर असते. घरचं बाळंतपण म्हणावं तर ते घर नव्हे.

तिच्या तारखेत न कळण्यासारखं काही नाही. दसऱ्याला पाचवा महिना लागलेली बाई शिमग्याच्या मागंपुढं बाळंत होणार, हे उचल देतानाच सांगता येतं, आणि शिमग्याला टोळी फडातच असते. कारखान्याच्या गेटवर टोळीची नोंद होते तेव्हा कोयत्यांबरोबर गरोदर बायांची आणि त्यांच्या महिन्यांची नोंद व्हावी, ती यादी त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कोपींच्या वस्तीत फिरणाऱ्या आशाताईकडे जावी, आणि नववा लागला की बाईला उचलीत कापून न घेता फडातून सुट्टी मिळावी. गाळपाच्या टनांचा, उताऱ्याचा, वाहतुकीचा हिशोब रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिणाऱ्या व्यवस्थेला ही चार ओळींची यादी जड नाही.