शिळा आणि तरंग

जबलपूरच्या मदन महल टेकडीवर गोंड राजांची गढी एका अजस्र शिळेच्या माथ्यावर उभी आहे. गढीच्या वाटेवर एका शिळेवर दुसरी शिळा नुसती टेकलेली दिसते. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातील पक्की घरे तडकली. ती शिळा मात्र पडली नाही. बाहेरच्या रूपावरून आतल्या बळाचा अंदाज बांधू नये, हे त्या रात्रीने पायथ्याशी राहणाऱ्या एका मराठी शिक्षकांना शिकविले होते. निवृत्तीनंतर तोच धडा स्वतःच्या देहाविषयी गिरवावा लागेल, असे मात्र त्यांना वाटले नव्हते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. यकृत हा मुका अवयव. वर्षानुवर्षे दाह सोसूनही तो बहुधा दुखत नाही. जखमा भरतात, तेथे व्रणाचे तंतू साचतात आणि मऊ यकृत कठीण होत जाते. हे काठिण्य जाणण्यासाठी पूर्वी बरगड्यांमधून सुई घालून तुकडा काढीत. तोही अवघ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा अंश.

“सुई घालणार का हो?” पत्नीने विचारले.

तशी वेळ आली नाही. डॉक्टरांनी आधी रक्ताचे गणित मांडले. एएसटी हे विकर ६०, त्याची वरची मर्यादा ४०. प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे २५० हजार. साठास चाळिसाने भागून शंभराने गुणले, २५० ने भागले, उत्तर ०.६. मग उपाशीपोटी बरगड्यांवर यंत्राची हलकी टिचकी बसली. तिने उठलेला तरंग मऊ ऊतीत सावकाश, कठीण ऊतीत वेगाने धावतो. तो वेग ध्वनिलहरींनी मोजतात. भूकंपाच्या तरंगांवरून पृथ्वीचे अंतरंग वाचतात, तसेच हे वाचन. आकडा आला ८.२ किलोपास्कल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार ०.५ आणि ७ या मर्यादा ओलांडल्या की प्रौढांना उपचार द्यावेत. साडेबाराच्या पुढे सिऱ्होसिसची शक्यता. डॉक्टरांनी एवढेही बजावले, की दाह वाढला तरी आकडा चढतो. तेव्हा हा अनुमानाचा मार्ग आहे, अंतिम निवाडा नव्हे. पण रोजची गोळी सुरू करण्यास तो पुरेसा होता. विषाणू दबला की साचलेले तंतूही काही अंशी विरू शकतात.

मास्तरांची खरी धास्ती निराळीच होती. इतक्या वर्षांच्या संसारात हा मुका शत्रू पत्नीपर्यंत पोहोचला असेल काय? तिचे रक्त तपासले. संसर्ग नव्हता, संरक्षणही नव्हते. सुई अखेर तिच्याच वाट्याला आली: लसीची, सहा महिन्यांत तीन वेळा.