मूळ फीत हेच मुद्दल

धाकट्या बहिणीच्या 1991 सालच्या विवाहाची व्हीएचएस फीत आमच्या घरी आहे. आज हयात नसलेले आई-वडील तीत हसताना, बोलताना दिसतात. त्या फितीच्या व्हीसीडी व डीव्हीडी अशा दोन्ही प्रती करविल्या. व्हीसीडीचे चित्र 352 बाय 288 बिंदूंचे. मोठ्या पडद्यावर चेहरे ठिपक्यांत विरतात. डीव्हीडीचे 720 बाय 576. तीत आईच्या शालूचा जरीकाठही ओळखू येतो. ब्ल्यू-रे 1920 बाय 1080 बिंदू दाखवू शकते, परंतु फितीत मुळात नसलेला तपशील ती कोठून आणणार? मुद्दलच नसेल तर व्याज कशावर मिळावे? म्हणून प्रत निदान डीव्हीडीच्या दर्जाची करावी, दोन घरांत ठेवावी आणि मूळ फीत कदापि टाकू नये.