इंजिनावरचे झाकण

साखरपा मागे पडून आंबा घाटाची चढण लागली की उन्हाळ्यातही हवा थोडी हलकी होते, असा अण्णांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. एप्रिलमधल्या त्या दुपारी तो कामी आला नाही. रत्नागिरीचे लग्न आटोपून ते आणि आक्का सांगलीस परतत होते. निम्मा घाट चढून झाला आणि समोरच्या फलकावरील उष्णतेचा काटा हळूहळू सरकू लागला. २०१४ साली गाडी घेतल्यापासून तो काटा मध्यभागी खिळा मारल्यासारखा स्थिर असे, त्यामुळे अण्णांनी प्रथम तिकडे पाहून न पाहिल्यासारखे केले. मग आक्काच म्हणाल्या, "अहो, कसला तरी वास येतोय."

एसी बंद झाला, काचा खाली आल्या. पुढच्या वळणावर एक चहाची टपरी होती, तेथे गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडताच चुलीपुढे वाकल्यासारखी झळ तोंडावर आली. अण्णा रुमालाने रेडिएटरचे झाकण फिरवणार, तोच चहा पीत उभा असलेला एक ट्रकचालक धावत आला आणि त्यांचा हात धरून मागे ओढला. "काका, हात भाजंल! आत पाणी दाबात हाय, उसळून तोंडावर ईल."

त्या माणसाने अण्णांचा हात वाचवला, यात शंका नाही. त्याने पुढे दिलेला सल्ला मात्र त्यांना दीड महिना पुरला. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास गेला, दोन बाटल्या पाणी टाकीत ओतून झाले, तेव्हा इंजिनाच्या माथ्यावरील काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ही टोपी कशाला घालून ठिवलीय? काढून टाका. वारा लागला की गार ऱ्हातंय." चार खुंट्यांवर बसवलेले ते झाकण वर ओढताच निघाले. अण्णांनी ते डिकीत टाकले. उरलेला घाट, मलकापूर, कोल्हापूर करीत गाडी विनातक्रार सांगलीत पोहोचली आणि अण्णांच्या मनात हिशेब पक्का झाला. अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन बाटल्या पाणी या दोन रकमा त्या हिशेबातून गळाल्या. सारी जमा झाकणाच्या खात्यावर पडली.

झाकण हळदीच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे गेले. अण्णांना नवे काही सापडले की ते चार जणांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्केट यार्डात सौदे सुरू होण्याआधी पेढीवर चहा येई आणि त्याबरोबर घाटाची कथाही येई. ती सांगता सांगता थोडी वाढलीही. माणसाला वैशाखात घोंगडी पांघरायला लावल्यासारखे आहे ते, असा दृष्टान्त ते देत, आणि दृष्टान्त इतका पटण्याजोगा होता की शेजारच्या पेढीवरील अडत्यांनीही आपल्या गाडीची घोंगडी उतरवायचे ठरवले.

धाकटी लेक पुण्यात वाहनउद्योगात अभियंता आहे. मे महिन्याच्या अखेरीस ती दोन दिवसांसाठी घरी आली. बसस्थानकावरून घरी येताना गाडीत बसताच तिने विचारले, "अण्णा, इंजिनाचा एवढा खडखडाट कसला?"

आक्का मागून म्हणाल्या, "मी महिनाभर तेच सांगतेय. ट्रॅक्टरमध्ये बसल्यासारखं वाटतं."

अण्णांनी घाटाची कथा सांगितली. लेकीने ती पुरती ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाली, "ते झाकण गाडी गार ठेवण्यासाठी नसतं, आणि त्यानं ती तापतही नाही." अण्णांना ते लागले. "घाटातून गाडी मी आणलीय. तापलेली मी पाहिली, गार झालेली मीच पाहिली. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं?" जेवणाच्या पानावर पुढे कोणी काही बोलले नाही. आक्कांनी दोघांनाही आमटी दोनदा वाढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीने वाहनाच्या स्टिअरिंगखालील सोळा टोचण्यांच्या खाचेत बोटाएवढे एक यंत्र बसवले. इंजिनातील पाण्याचे खरे तापमान त्यातून मोबाइलच्या पडद्यावर आकड्यांत दिसते. समोरचा काटा तसे प्रामाणिकपणे सांगतोच असे नाही. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यभागीच थांबवलेला असतो, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, तिने कूलंटची टाकी पाहिली. पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती.

"यात पाणी कधी घातलं होतंत?"

"घालतो की. आठ-दहा दिवसांनी थोडं लागतं," अण्णा सहज म्हणाले.

ती काही बोलली नाही. टाकी रेघेपर्यंत भरली आणि दोघे इस्लामपूरच्या रस्त्याला लागले. जाऊन येऊन एक फेरी झाकणावाचून झाली. इंजिन निवल्यावर गोदामातून झाकण आणून बसवले आणि त्याच वेगाने दुसरी फेरी झाली. आकडे अण्णांनीच वाचायचे, असे ठरले होते. पहिल्या फेरीत ते ८८ ते ९१ अंशांच्या मध्ये खेळले. दुसऱ्या फेरीतही तेथेच. ऊन चढले होते तरी फरक पडला नाही. फरक पडला तो आवाजात. झाकण बसताच इंजिन दुसऱ्या खोलीत गेल्यासारखे वाटले.

परतताना लेकीने गाडी झाडाखाली उभी केली आणि बॉनेट उघडून वडिलांना सारे दाखवले. डिझेलच्या आधुनिक इंजिनात इंधन हजार बारहून अधिक दाबाने फवारले जाते. त्या फवाऱ्यांची टकटक दाबण्यासाठी झाकणाच्या पोटाशी करड्या फोमची गादी चिकटवलेली असते. धूळ आणि पाण्याचे शिंतोडे तारांवर पडू नयेत, आणि बॉनेट उघडल्यावर जरा नेटके दिसावे, हेही त्याचे काम. दिसण्याचा भाग काही गाड्यांत कामापेक्षा मोठा असतो, हे तिने हसत कबूल केले.

उष्णतेचा मार्ग मात्र निराळा. जळलेल्या इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी ओढण्यास लागतो, तितकाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्यातील बहुतेक उष्णता पाणी वाहून नेते. पंप हे पाणी इंजिनात फिरवून रेडिएटरपर्यंत नेतो; तेथे समोरचा वारा आणि पंखा त्याला निववतात. मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप द्वारपालासारखी बसलेली असते. तिच्या पोटात मेण असते. पाणी ऐंशीच्या घरात तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते. पाणी निवले की ती मिटते. झाकण काढल्याने माथ्यावरून थोडी अधिक उष्णता गेलीच, तर झडप तेवढी कमी उघडते आणि पाणी आपल्या ठरलेल्या तापमानालाच राहते. ते तापमान कमी करणे इंजिनाच्या हिताचेही नसते. घोंगडीचा दृष्टान्त येथे कोसळतो. इंजिन घाम वरून गाळत नाही, आतल्या पाण्याने गाळते.

"म्हणजे काहीच फरक नाही?" अण्णांनी विचारले. त्यांच्या स्वरात वादापेक्षा आशा अधिक होती.

"आहे, थोडा. गाडी बंद केली की पाणी फिरायचं थांबतं आणि काही मिनिटं वरचे भाग उलट जास्त तापतात. तेव्हा झाकण नसेल तर ती वाफ जरा लवकर निघून जाते. पण घाट चढताना त्याचा उपयोग नाही." मग तिने खालच्या बाजूचे प्लॅस्टिकचे तबकही दाखवले. तेही काढावे, असे एका गॅरेजवाल्याने अण्णांना सुचवले होते. ते तबक चिखल अडवते आणि अनेक गाड्यांत हवेला वळणही लावते, म्हणून ते काढले तर लाभाऐवजी तोटाच व्हायचा. धुराच्या नळीजवळचा पत्रा तर कधीच हलवू नये; तो शेजारच्या नळ्या-तारा होरपळू नयेत म्हणूनच असतो.

एवढे झाल्यावर तिने टाकीकडे बोट केले. "अण्णा, आठ दिवसांनी पाणी लागतं म्हणता. गोदामातलं पोतं दर आठवड्याला दोन किलो कमी भरलं, तर तुम्ही काय कराल?"

अण्णा गप्प झाले. चाळीस वर्षे तोलकाट्यापुढे बसलेल्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर कोणी सांगावे लागत नाही. घट आली की ती कोठे गेली, हे शोधेपर्यंत ते कधी जेवले नव्हते. बंद टाकीतले पाणी सहसा घटत नाही. घटते तेव्हा ते कोठून तरी जात असते. आणि दीड महिना ते ती घट निमूटपणे भरून काढीत होते, कारण दुखण्याचे निदान झाले आहे, अशी त्यांची समजूत होती.

दुपारी मिस्त्रींनी गाडी वर उचलली. वॉटर पंपाखाली गुलाबी-पांढरट ओघळ वाळून बसला होता. पंपाची सील झिजली होती. सपाट रस्त्यावर थेंब थेंब, चढणीवर अधिक. वारंवार साधे पाणी ओतल्याने मूळ कूलंट पातळ होऊन गेले होते, त्यामुळे ते लवकर उकळणार आणि आतल्या धातूला गंजही चढवणार. पाणी संपून इंजिन तसेच चालले असते तर ॲल्युमिनियमचे हेड वाकले असते. मिस्त्रींनी हे सारे खर्चाच्या भाषेत सांगितले. लेक दुसऱ्याच गोष्टीचा विचार करीत होती. पुढच्या आठवड्यात नातवंडांना घेऊन अण्णा आणि आक्का त्याच घाटाने गणपतीपुळ्याला जाणार होते. ती बाजूला उभी राहून बराच वेळ ओढणीच्या टोकाशी चाळा करीत होती. अण्णांनी ते पाहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं." मुलांसमोर ते असे क्वचितच म्हणाले असतील.

पंप बदलला, कूलंट नवे भरले. सोमवारी सकाळी, चहा येण्यापूर्वीच, अण्णा शेजारच्या पेढीवर गेले. वाढवून सांगितलेली कथा मागे घेणे हे भाव मागे घेण्याहून कठीण, पण त्यांनी ती चार जणांसमोर मागे घेतली. ते वेळेवरच झाले. शेजाऱ्यांची गाडी पेट्रोलची, आणि तिच्या इंजिनावरील झाकणातच हवेची गाळणी बसवलेली होती, जशी काही गाड्यांत असते. ते काढून गाडी चालवली असती तर यार्डातली सारी धूळ थेट इंजिनाच्या पोटात गेली असती. "बरं झालं, माझा मुलगा आळशी निघाला," शेजारी म्हणाले. "तीन आठवडे 'उद्या काढतो' म्हणतोय."

राहिले ते अण्णांचे झाकण. पंपाच्या कामासाठी मिस्त्रींनी ते पुन्हा काढले होते, आणि कामाच्या गडबडीत ते परत गोदामातल्या जागी जाऊन पडले. गणपतीपुळ्याचा प्रवास त्यावाचूनच नीट पार पडला. परतल्यावर अण्णा ते आणायला गेले, तर फोमची गादी एका कोपऱ्यात कुरतडलेली होती आणि त्या भुश्शात उंदराची पाच गुलाबी पिल्ले एकमेकांना चिकटून निजली होती. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. अण्णांनी पोते होते तसे परत टेकवले आणि हमालांना त्या थप्पीला हात न लावण्यास सांगितले.

लेकीने फोनवर विचारले, झाकण बसवलंत का. अण्णा म्हणाले, अजून पंधरा-वीस दिवस लागतील. आक्का रोज गाडीत बसताना आवाजाची तक्रार करतात.