अक्काचं दूध

“बाळंतपणानंतर अंगावर दूध आलं होतं का?”

परळच्या केईएममध्ये त्या तरुण डॉक्टरबाईंनी हे विचारलं, तेव्हा माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. तोवर थकव्यासाठी रक्तवाढीच्या गोळ्या, टॉनिकं, सगळं झालं होतं. दुधाचं कुणी विचारलं नव्हतं. ‘नाही’ म्हणताना माझी मान खाली गेली.

दूध अक्कानं पाजलं होतं. सोलापुरात पूर्व भागातली आमची शेजारीण, विड्या वळणारी. तिची मुलगी तेव्हा चार महिन्यांची. बाळंतपणात माझा रक्तस्राव थांबेना, तीन बाटल्या रक्त चढलं. घरी आले तर छाती कोरडी. पोरगं रडलं की अक्का सूप बाजूला सारायची, तंबाखूचे हात राखेनं घासून धुवायची आणि त्याला पदराखाली घ्यायची. राहिलेल्या विड्या रात्री जागून वळायची. मी तिचे आभार कधी मानले नाहीत. मला तिचा राग यायचा.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी गरोदरपणात फुगते, रक्तपुरवठा तेवढा वाढत नाही. फार रक्त गेलं की ती सुकते. ग्लासगोच्या शीहान यांनी १९३७ साली हे मांडलं. मराठीत पिट्युटरीला पीयूषिका म्हणतात; पीयूष म्हणजे अमृत, आणि व्यालेल्या गाईचा चीकसुद्धा. “तुमची चूक नव्हती ती. आजाराची पहिली खूण होती,” त्या म्हणाल्या.

आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटला तर जिवावर बेततं. तरी उमेद येईना. मग तपासणीसाठी इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम उतरवली. मी घामानं भिजले, पण अशा वेळी वाढायला हवं ते ग्रोथ हार्मोन हललंच नाही. त्याची इंजेक्शनं घ्यायचं ठरलं. “या वयात उंची वाढवायचीय का?” नातेवाईक विचारत. मोठ्या माणसात हेच संप्रेरक स्नायू, हाडं आणि उमेद धरून ठेवतं, हे त्यांना किती समजावणार! इंजेक्शनांसाठी यजमानांनी दोन माग विकले. सुरुवातीला बोटं सुजली, सांधे धरले. मात्रा कमी केली. चौथ्या महिन्यात भरली घागर घेऊन मी न थांबता जिना चढले.

मुंबईहून परतल्या दिवशीच मी अक्काकडे गेले होते. सगळं सांगताना रडू फुटलं. ती विडी वळतच म्हणाली, “पोराला भूक लागली होती गं.”

इंजेक्शनाचं पेन थंड जागी ठेवावं लागतं आणि आमच्याकडे फ्रिज नव्हता. अक्कानं हप्त्यावर घेतलेल्या फ्रिजमध्ये, तिच्या दुधाच्या पातेल्याशेजारी ते असायचं. रोज रात्री नऊला मी तिचं दार वाजवायची.