चिखलातली वीज



"साहेब, चिखलातून वीज निघते म्हणतात. मग आमचा पंप त्यावर चालेल का?" हा प्रश्न मला हल्ली गावच्या बैठकीत विचारला जातो. विचारणाऱ्याला हसू नका. वीज निघते हे खरे. पंप मात्र चालणार नाही.

भातखाचरात पाणी साचून राहिले की कधी कधी वर तांबूस, तेलकट तवंग येतो. तो काडीने मोडून पाहा. तेल पुन्हा एकत्र येते. हा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो. तो लोहाचा गंज. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. तिथले जिवाणू कुजका पालापाचोळा खातात. खाल्लेल्या अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन आपल्या अंगात प्राणवायू घेतो. चिखलात प्राणवायू नाही, म्हणून काही जिवाणू ते मातीतल्या लोहाला देतात. मग लोह विरघळून वर येते आणि हवा लागताच गंजते.

आता चिखलात कार्बनची एक कांडी पुरली, दुसरी वरच्या पाण्यात ठेवली आणि दोन्ही तारेने जोडल्या, तर हेच जिवाणू पुरलेल्या कांडीवर थर धरतात आणि लोहाऐवजी तिला इलेक्ट्रॉन देतात. तारेतून ते वरच्या कांडीकडे जाऊन पाण्यातल्या प्राणवायूला मिळतात. तारेतला हा प्रवाह म्हणजेच वीज.

जिवाणूंपासून वीज मिळते हे इंग्लंडात डरहॅमच्या पॉटर या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९११ साली दाखवले. २००८ साली जपानी शास्त्रज्ञांनी भातखाचरातल्या प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. तिथे चौरस मीटरला फार तर ६ मिलिवॅट वीज मिळाली. हिशेब करा : एकराला सुमारे २४ वॅट, म्हणजे दोन-तीन एलईडी दिवे. तीन अश्वशक्तीच्या पंपाला नव्वद एकरांहून जास्त खाचर लागेल!

म्हणून चिखलावर पंप चालवून देतो असे सांगून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. घामाचा पैसा सांभाळा.

जिवाणूंचा तो तवंग मात्र फुकटची सूचना आहे. तवंग दाट झाला आणि भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके पडून पाने तांबूस होऊ लागली, तर लोह जास्त झाल्याची शंका घ्या. खाचराचे पाणी काही दिवस काढून जमिनीला हवा लागू द्या. चिखल पंप चालवणार नाही, पण पीक वाचवायला वेळेवर सांगतो. तेवढे ऐकायला शिकू या.